एक नंबर शेवटी

आमच्या घरी उधारीची वही दोन्ही बाजूंनी लिहिली जायची. पुढून गावाची उधारी: कुणाची पेंड, कुणाची साखर, कुणाचा चहाचा पुडा. वही उलटी करून मागून उघडली की यात्रेच्या कुस्त्या. वाळवा तालुक्यातलं आमचं गाव, चैत्रातली यात्रा, आणि कुस्त्या जोडायचं काम दुकान चालवणाऱ्या आमच्या आण्णांकडे. सगळ्यांत वरच्या ओळीत एक नंबरची जोड. खाली दोन नंबर, तीन नंबर. पानाच्या तळाशी नारळावरच्या आणि रेवड्यांवरच्या कुस्त्या. तिथे नावंही नसायची, नुसता आकडा. मैदान मात्र तळापासून वर सरकायचं. भर उन्हात पोरं मातीत लोळायची, हलगी हळूहळू तापायची आणि दिवस कलला की एक नंबर. पहिलं ते शेवटी असतं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं.

आज माझं कामही तेच आहे, फक्त मातीऐवजी रिंग आहे. टीव्हीवर दिसते ती व्यावसायिक कुस्ती, झगमगीत झगे आणि चमकत्या पट्ट्यांची. मुंबई-पुण्याच्या आसपास तिचे जे छोटे कार्यक्रम होतात, त्यांची कार्डं मी लावतो. कार्ड म्हणजे त्या रात्री कोण कुणाशी लढणार आणि कितव्या क्रमांकाला, याची यादी. नव्वदच्या दशकात ट्रंप कार्डांवर वाढलेल्यांना टीव्हीवरची ही माणसं आणि त्यांची वजनं-उंच्या अजून पाठ असतील.

हो, निकाल आधी ठरलेला असतो. हे ऐकलं की लोक विचारतात, मग ठरवायचं उरलं काय? क्रम उरला. मातीतली कुस्ती कधी कशी फिरेल ते कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे तीन नंबरची कुस्तीही मैदान डोक्यावर घेऊ शकते आणि दोष कुणाला लागत नाही. इथे मात्र शेवटची कुस्ती फसली, तर ती लावणाऱ्याने फसवली, असा सरळ हिशेब असतो.

शेवटच्या जागेवर हक्क सांगणारे नेहमी तिघे असतात: कसब, नाव आणि पट्टा.

कसबाचा दावा सगळ्यांत लवकर निकालात निघतो. २९ मार्च १९८७, मिशिगनमधलं पॉन्टिअॅक सिल्व्हरडोम, तिसरी रेसलमेनिया, म्हणजे या धंद्याची वर्षातली सर्वांत मोठी यात्रा. त्या दिवशीची सर्वोत्तम कुस्ती रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची होती. सॅव्हेज प्रत्येक हालचाल आधी बसवून, घोकून घेणारा गडी. ती कुस्ती आजही नवशिक्यांना दाखवतात. तरी ती शेवटी लावायला हवी होती, असं मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. शेवटी होते हल्क होगन आणि आंद्रे द जायंट. आंद्रेच्या पाठीवर शस्त्रक्रिया झालेली, त्याला धड हलताही येत नव्हतं. डावपेच म्हणाल तर नाममात्र. पण हा डोंगर कुणाला उचलतो का, एवढं एकच बघायला लोक आले होते. होगनने त्याला उचलून आपटलं, तो क्षण लोकांनी घरी नेला. सॅव्हेज-स्टीमबोटची कुस्ती जाणकारांनी नेली.

नाव आणि पट्टा यांचं भांडण मात्र कधी मिटत नाही. पट्टा शेवटी, हा या धंद्यातला शिरस्ता. त्याला कारणही आहे. विजेत्याची कुस्ती मध्येच उरकली, तर पुढच्या वेळी त्या पट्ट्यासाठी कुणी का लढावं? तरीही शिरस्ता मोडून साधलेल्या रात्री आहेत, आणि त्यातली माझी आवडती १९९२च्या ऑगस्टमधली, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरची. जागतिक विजेतेपदासाठी सॅव्हेजच्या समोर अल्टिमेट वॉरियर. दोन्ही नावं आपल्याकडच्या पोरांनाही माहीत असलेली. ती कुस्ती मध्ये झाली. शेवटी लावली दुय्यम पट्ट्याची: ब्रेट हार्ट आणि 'ब्रिटिश बुलडॉग' डेव्ही बॉय स्मिथ. डेव्ही इंग्लंडचा पोरगा, ब्रेटच्या बहिणीचा नवरा. म्हणजे दाजी आणि मेहुणा समोरासमोर, आणि तेही दाजीच्या अंगणात. डेव्ही जिंकला आणि स्टेडियम उठलं. त्या रात्री त्या गावात दुय्यम पट्टाच मोठा होता. यात्रा कमिटीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याने हेच केलं असतं. गावचा पोरगा तीन नंबरला लावून कुणाला गावात राहायचंय?

शिरस्ता पाळून फसलेली रात्र म्हणजे १७ मार्च २००२, टोरांटो. रॉक आणि होगन. रॉक २९ वर्षांचा, होगन ४८चा. कागदावर होगन खलनायक होता; लोकांनी तो कागद फाडला. होगनच्या प्रत्येक ठोशाला छप्पर उडायची वेळ आली आणि दोघांनी भर कुस्तीत आपला सूर बदलून लोकांचं ऐकलं. नंतर श्वास घ्यायला म्हणून बायकांची एक कुस्ती ठेवली होती. तिच्यात टोरांटोचीच ट्रिश स्ट्रॅटस होती, तरी लोक थंडच राहिले. मग पट्ट्याची कुस्ती: विजेता ख्रिस जेरिको, समोर मोठ्या दुखापतीतून परतलेला ट्रिपल एच. दोघेही कसलेले. पण भैरवी आधीच होऊन गेली होती. भैरवीनंतर कितीही चांगला यमन गा, श्रोते चपला शोधत असतात.

सात वर्षांनी ह्यूस्टनला हेच पुन्हा झालं. अंडरटेकर आणि शॉन मायकल्स अर्ध्या तासाची अशी कुस्ती खेळले की नंतर पट्ट्यासाठी उतरलेले ट्रिपल एच आणि रँडी ऑर्टन रिकाम्या भांड्यात पळी फिरवत राहिले. या वेळी मात्र चूक सुधारली गेली. पुढच्याच वर्षी, २०१० साली, अंडरटेकर-मायकल्स पुन्हा, आणि थेट शेवटी. पट्टा नाहीच. रेसलमेनियात कधीही न हरलेला एक, आणि हरलो तर निवृत्त होईन म्हणून आपली कारकीर्दच पणाला लावलेला दुसरा. मायकल्स हरला. त्यानंतर आणखी काही लावायचा प्रश्नच नव्हता.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही मी माती खाल्ली.

ठाणे जिल्ह्यातला एक हॉल, साडेतीनशे खुर्च्या. त्याच वस्तीतला एक पोरगा आमच्याकडे दोन वर्षं लढत होता, आणि त्या दोन वर्षांत जिंकायला आला की हरायचा. तसं मीच लिहीत होतो. त्या रात्री त्याच्यासमोर होता त्याला शिकवणारा जुना गडी, आणि पोरगा जिंकणार होता. पण पट्टा होता तिसऱ्याच्या कमरेला, म्हणून मी पट्टा शेवटी आणि ही कुस्ती त्याच्या आधी लावली. पोरगा जिंकला. दोस्तांनी रिंगमध्ये चढून त्याला खांद्यावर घेतला, कुणीतरी ढोल आणला होता, आणि वरात हॉलच्या दारातून थेट रस्त्यावर गेली. ती परत आलीच नाही. आमचा विजेता पट्टा उंचावत बाहेर आला तेव्हा आत चाळीसेक माणसं होती, त्यांतली काही खुर्च्या गोळा करायला आलेली. तो पंधरा मिनिटं प्रामाणिकपणे लढला. नंतर बूट पिशवीत भरताना माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

त्या रात्री आण्णा आले होते. या कुस्तीचं त्यांना कधीच कौतुक नव्हतं, 'नाटकातली' म्हणायचे. तरी शेवटपर्यंत बसले. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "काय रं, त्या पोराची कुस्ती मागं का न्हाई ठेवलीस?"

"आण्णा, पट्टा दुसऱ्याकडं होता."

"व्हय. पर त्या पट्ट्याची कुणाकडं उधारी हुती?"

वहीच्या दोन्ही बाजू एकाच वहीच्या का होत्या, ते मला चाळिशीत कळलं.

मी सातवीत असतानाची एक यात्रा आठवली. त्या वर्षी कोल्हापूरच्या तालमींतले दोन नावाजलेले मल्ल यायला तयार होते. पोस्टरवर त्यांचे फोटो छापले असते तर शेजारची चार गावं लोटली असती. आण्णांनी त्यांना दोन नंबरला लावलं. एक नंबरला घेतली ती आदल्या वर्षीची एक मध्यम जोड. त्यांची कुस्ती पाऊण तास चालून अंधार पडला म्हणून पंचांनी बरोबरीत सोडवली होती. कमिटीत भांडण झालं, इनामाचा आकडा लहान म्हणून पाहुणे नाराज झाले. आण्णांचं म्हणणं एवढंच होतं की दुकानात वर्षभर साखरेसोबत त्याच कुस्तीचं बोलणं निघत होतं. गावाचं त्या दोघांकडे येणं होतं. ते फेडल्याशिवाय दुसरं काही मोठं कसं होईल?

तेव्हापासून मी कसब, नाव, पट्टा या तिघांनाही बाजूला बसवतो आणि आधी वही उघडतो. लोकांचं सगळ्यांत जुनं, सगळ्यांत मोठं येणं कुठलं? जी कुस्ती ते फेडते, ती शेवटची. पट्ट्याची कुस्ती बहुतेक वेळा शेवटी शोभते ती याचमुळे: पट्टा एखाद्याला मिळता मिळता राहिलेला असतो. तसं काही नसेल तर पट्टा म्हणजे नुसतं चामडं आणि पत्रा.

लोक कधीकधी स्वतःच वसुलीला येतात. २०१४च्या जानेवारीत पिट्सबर्गला बॅटिस्टाने रॉयल रंबल जिंकली, म्हणजे रेसलमेनियाच्या मुख्य कुस्तीत त्याची जागा नक्की झाली. लोकांनी जिंकलेल्यालाच हुर्यो केली. त्यांना हवा होता डॅनियल ब्रायन, अंगाने लहान, दाढीवाला, वारंवार डावलला गेलेला. एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्सला कार्ड बदलावं लागलं. ब्रायनने पहिल्या कुस्तीत ट्रिपल एचला हरवायचं आणि त्या बळावर शेवटच्या कुस्तीत शिरायचं. त्या रात्रीची पहिली आणि शेवटची, दोन्ही कुस्त्या त्याच्या झाल्या.

फेडताना वेळेचंही भान लागतं. २०१९च्या रेसलमेनियात प्रथमच बायका शेवटी लढल्या: बेकी लिंच, रोंडा राउझी, शार्लट फ्लेअर. येणं जुनं होतं आणि निर्णय बरोबर होता. पण कार्यक्रम सात तासांच्या वर ताणला आणि मध्यरात्र उलटून गेली. थकलेला सावकार नोटा मोजत नाही. पुढच्या वर्षापासून रेसलमेनिया दोन रात्रींची झाली.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त शिकवलं ते जपानने. न्यू जपान प्रो-रेसलिंगचा मोठा कार्यक्रम दरवर्षी ४ जानेवारीला टोकियो डोममध्ये होतो. २०१३च्या ऑगस्टमध्ये तेत्सुया नाइतोने जी-वन ही उन्हाळी स्पर्धा जिंकली. ती जिंकणाऱ्याने जानेवारीत जगज्जेत्याशी लढायचं, आणि ती कुस्ती शेवटी, अशी तेव्हाची रीत. पण लोकांना नाइतो रुचत नव्हता. त्याला घाईने मोठा केलाय असं त्यांना वाटे. कंपनीने एक धाडस केलं: शेवटची कुस्ती कुठली, यावर प्रेक्षकांचं मतदान घेतलं. एका पारड्यात नाइतो आणि विजेता ओकादा, दुसऱ्यात दुय्यम पट्ट्यासाठी तानाहाशी आणि नाकामुरा. लोकांनी दुसरी कुस्ती निवडली. ४ जानेवारी २०१४ला नाइतो जगज्जेतेपदासाठी लढून, हरून आत गेला आणि त्याच्यामागून शेवटची कुस्ती सुरू झाली. मोठ्या पट्ट्याची कुस्ती आणि स्पर्धा जिंकल्याचा मान, दोन्ही असून त्याला शेवटची जागा मिळाली नाही, कारण लोकांच्या वहीत त्याच्या नावावर काहीच नव्हतं.

त्या दिवशी मात्र चढलं. २०१५ साली तो मेक्सिकोला गेला आणि कशाचीच पर्वा नसलेला माणूस होऊन परतला. पुढे तोच दुय्यम पट्टा त्याने जिंकला, आणि हवेत भिरकावून, आपटून, त्याची पार दुर्दशा केली. आपल्याला मागे ढकलणाऱ्या पट्ट्याचा तो सूड होता, हे लोकांना सांगावं लागलं नाही. आता तेच लोक त्याच्यासाठी ओरडू लागले. २०१८ला तो टोकियो डोममध्ये शेवटी लढला आणि ओकादाकडून हरला. ५ जानेवारी २०२०ला ओकादाला हरवल्यावर मोठा आणि दुय्यम, दोन्ही पट्टे त्याच्याकडे झाले. पण विजयानंतर साथीदारांची नावं पुकारून हजारो लोकांसह हजेरी घ्यायची त्याची जी प्रथा, ती पूर्ण व्हायच्या आत केंटा नावाच्या मल्लाने त्याच्यावर हल्ला केला. जिंकणं झालं, वसुली अर्धी राहिली. अखेर ४ जानेवारी २०२४ला, सनादाला हरवल्यावर, त्याच डोममध्ये ती हजेरी पुरी झाली. मतदानाने त्याला मागे ढकललं त्या रात्रीला त्या दिवशी बरोबर दहा वर्षं झाली होती.

लक्ष्मीपूजनाला आण्णा नवी वही काढायचे. हळदकुंकू वाहून झालं की पहिल्या पानावर 'श्री', आणि त्याखाली जुन्या वहीतली न फिटलेली नावं, 'मागील बाकी' म्हणून. आता आण्णा नाहीत, दुकानही नाही. पण मी त्या संध्याकाळी एक वही घेऊन बसतो. यंदाच्या मागील बाकीत पहिलं नाव त्या चाळीस माणसांसमोर लढलेल्या विजेत्याचं आहे. लोक त्याला विसरले. त्याचं देणं आहे ते एकट्या माझ्या खात्यावर. म्हणून त्याला सरळ शेवटी लावून भागणार नाही. आधी तो लोकांच्या वहीत चढायला हवा, म्हणजे दोन-तीन वेळा जिंकता जिंकता हरायला हवा. हे त्याला सांगायला परवा फोन केला होता. त्याने नुसतं विचारलं, "म्हणजे अजून किती हरू?"

मी म्हटलं, "पुढच्या दिवाळीपर्यंत."