मोठ्यांच्या मध्ये बोलणे

लातुरात राहून पाठांतराला नावे ठेवणे म्हणजे पंढरपुरात राहून बुक्क्याला नावे ठेवण्यासारखे आहे. आमच्या गावाने ‘लातूर पॅटर्न’ नावाचा मंत्र साऱ्या महाराष्ट्राला दिला. पहाटे फिरायला निघावे, तर गल्लोगल्लीच्या खोल्यांतून पोरांचे पुटपुटणे ऐकू येते. त्यातून मी पडलो मराठीचा मास्तर! मोरोपंतांच्या आर्या घडाघडा म्हणणाऱ्या पिढीविषयी मला मनापासून आदर. तेव्हा माझी पुतणी मला म्हणाली, “काका, संकटात पाठांतरावर विसंबायची आम्हांला मनाई आहे,” त्या वेळी मी हातातला चहा खाली ठेवला.

ही पुतणी म्हणजे नांदेडच्या आमच्या दादांची धाकटी. एका विमान कंपनीत सहवैमानिक आहे. यंदा कधी नव्हे ती तिला दिवाळीची रजा मिळाली आणि आम्ही सारे नांदेडला जमलो. फराळाच्या ताटाभोवती गप्पा रंगल्या होत्या. वहिनींच्या मनात मात्र एकच प्रश्न. मुलगी वैमानिक झाल्यापासून तो त्यांच्या घशात अडकलेला होता. “वर काही बिघडलं, तर तुम्ही करता तरी काय गं?”

हा प्रश्न वहिनींना का पडतो, ते मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. २६ एप्रिल १९९३ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत, चिकलठाण्याहून उडालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन चाललेल्या ट्रकला धडकले आणि ५५ माणसे गेली. रस्ता आपल्या ओळखीचा, कापूस आपल्या मुलखातला. लांबच्या देशातले अपघात माणूस वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. हा अपघात वहिनींच्या मनातून गेलेला नाही.

मुलीने उत्तर दिले, “आधी विमान उडवत राहतो.” वहिनींना ती थट्टा वाटली. पण तेच पहिले कलम आहे. घंटा वाजते, तांबडा दिवा लागतो, आणि माणसाचा स्वभाव असा की तो दिव्याकडेच पाहत बसतो. म्हणून दोघांपैकी एकाने फक्त विमान सांभाळायचे, दिव्याच्या वाटेला जायचेच नाही. दुसऱ्याने दोष हुडकायचा. मग दिशा, मग जमिनीवरच्या लोकांशी बोलणे. पाठ करायच्या पायऱ्या थोड्याच. विमानातला हवेचा दाब गेला तर प्राणवायूचा मुखवटा आधी आपल्या तोंडावर चढवायचा, ही त्यांतली एक. कारण तिथे पुस्तक उघडेपर्यंत वाचणाऱ्याचीच शुद्ध हरपायची. बाकी सारे पुस्तकातून किंवा समोरच्या पडद्यावरून मोठ्याने वाचायचे. एकाने वाचायचे, एक कृती करायची, मग पुढची ओळ. वीस वर्षे उडवणाऱ्याला त्यातून सूट नाही. ही यादीची रीत रुजली ती अमेरिकेत १९३५ साली बोइंगचे एक नवे विमान पडल्यानंतर. सुकाणूच्या पात्यांना जमिनीवर असताना लावलेला अडसर काढायचाच राहून गेला होता, आणि विमान चालवीत होता तो मोठा कसलेला वैमानिक.

इंजिन बंद करायचे तर आणखी एक शिस्त. “हेच ना?” असे विचारायचे, आणि दुसऱ्याने पाहून “हेच” म्हटल्याशिवाय दांडी ओढायची नाही. मला ही शिस्त पोरकट वाटली असती, पण तिने केगवर्थची गोष्ट सांगितली. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये एका विमानाचे डावे इंजिन बिघडले आणि वैमानिकांनी बंद केले उजवे! ४७ माणसे दगावली. डावीकडच्या ज्वाळा मागच्या प्रवाशांनी पाहिल्या होत्या. कप्तानाने उजव्या इंजिनाचे नाव घेतले, तेव्हा त्यांच्यातले कोणी बोलले नाही. कप्तानाला जास्त कळते, नाही का?

इथे माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. आपली सारी भाषाच मुळी मान राखण्यावर उभी आहे. ‘तू’ कुठे, ‘तुम्ही’ कुठे, ‘आपण’ कुठे, हे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे. वडील माणसाची चूक दाखवायची तर आपण किती वळणे घेतो! “तसं नव्हे, पण मला आपलं वाटलं...” पोर्टलंडचे विमान अशाच वळणांत बुडाले. २८ डिसेंबर १९७८ रोजी ते अमेरिकन विमान चाकांतला बिघाड तपासत तासभर घिरट्या घालत राहिले. इंधन संपत चालल्याचे जवळच्यांना दिसत होते, त्यांनी सुचवलेही; पण सुचवले, ठणकावले नाही. इंजिने बंद पडली, दहा माणसे गेली. मग १९८१ साली त्या कंपनीने वैमानिकांना चक्क एकमेकांशी बोलायला शिकवण्याचा वर्ग काढला. आज आपल्याकडेही ते शिक्षण सक्तीचे आहे.

१९७८ सालच्याच पहिल्या तारखेला आपल्या वांद्र्यासमोर काय झाले, ते जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. सांताक्रूझहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ दोन मिनिटांच्या आत समुद्रात कोसळले. २१३ जण होते, एकही वाचला नाही. रात्रीची वेळ, खाली काळे पाणी, क्षितिज दिसेना. कप्तानासमोरचे क्षितिज दाखवणारे यंत्र बिघडले आणि सरळ झालेले विमान उजवीकडेच कलले आहे असे दाखवू लागले. त्याने ते डावीकडे वळवले, आणखी वळवले. शेजाऱ्यासमोर दुसरे यंत्र होते, राखीव म्हणून तिसरेही होते. मागे बसलेल्या अभियंत्याने खऱ्या यंत्राकडे बोट दाखवायचा प्रयत्न केला, पण तोवर वेळ उरला नव्हता.

“आणि कप्तानानं तुझं ऐकलंच नाही तर?” वहिनींनी विचारले. मला वाटते, त्यांचा खरा प्रश्न हाच असावा. या घरात मुलीला मोठ्यांच्या मध्ये बोलायला त्यांनी कधी दिले नव्हते.

“एकदा सांगायचं. उत्तर नाही आलं, तर दुसऱ्यांदा स्पष्ट सांगायचं. तरीही नाही, तर ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणायचं आणि विमान हातात घ्यायचं.”

“मोठ्या माणसाच्या हातून?”

“हो आई.”

वहिनी उठून आत गेल्या. चकल्यांचा डबा आणायला म्हणून गेल्या होत्या, पण परत आल्या त्या रिकाम्या हाताने.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा मला लातूरला सोडायला निघाले. पुतणी त्यांच्या शेजारी, मी मागे. लोहा मागे पडले, अंधार झाला. उसाचा हंगाम. अहमदपूरच्या अलीकडे दादा आपल्या नेहमीच्या ऐटीत गाडी हाणत मला जमिनीच्या वादाची हकीकत सांगत होते.

“बाबा, पुढे ट्रॉली आहे. मागे दिवा नाही.”

दादांची हकीकत चालूच.

“बाबा, वेग कमी करा. आत्ता.”

आवाज चढलेला नव्हता, की त्यात आर्जवही नव्हते. दादांनी करकचून ब्रेक दाबला. उसाच्या मोळ्या दिव्यांच्या उजेडात अगदी जवळ येऊन थांबल्या. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग दादा म्हणाले, “बापाला हुकूम सोडतेस होय गं?”

“नाही बाबा,” ती म्हणाली, “कळवलं.”

दादांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि ट्रॉलीच्या मागे मुकाट्याने चालवू लागले.