बाबांसोबत पावनखिंडीत

शाहूवाडी तालुक्यातील पावनखिंड पाहण्याची बाबांची इच्छा जुनीच. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेल्या शिवरायांसाठी १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभूंनी जिथे शत्रू रोखून धरला, ती ही घोडखिंड. वय ७८, मधुमेह जुना. तरी काठी टेकत, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय स्थिरावत ते उतरले. ओल्या कातळाला हात लावून बराच वेळ निःशब्द उभे राहिले.

परतीच्या चढावर त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. ‘‘दमलोय रे,’’ ते म्हणाले. मी मात्र चपापलो. सकाळची गोळी दिली होती. जेवण लांबले होते. ग्लुकोमीटरवर साखर ५८! डॉक्टर असूनही चूक माझीच. त्यांना बसवून तीन चमचे साखर पाण्यातून दिली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, तेव्हा ९६ भरली. मग भाकरी खाऊ घातली.

सहलीत मधुमेही ज्येष्ठांचे जेवण चुकवू नये. साखर खिशात असावी. शुद्ध हरपल्यास मात्र तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे.

वर पोहोचल्यावर बाबा हसले, ‘‘लढवली की रे खिंड!’’