दुर्गाघाटच्या घरातल्या भाषा

जनगणनेच्या अर्जात मातृभाषेनंतर आणखी दोनच भाषांना जागा असते. जी जास्त चांगली येते ती आधी लिहायची. २०११ साली दुर्गाघाटच्या आमच्या घरी गणनेला आलेल्या मास्तरांनी मोठ्या काकूला हे विचारलं ते बनारसीत आणि तिनं सांगितलं तेही बनारसीत. मातृभाषा मराठी, दुसरी हिंदी. तिसरी कोणती लिहू, असं त्यांनी विचारल्यावर ती म्हणाली, "बस, एतने." काकूला गुजराती बोलता येई, बंगाली उत्तम येई, नेपाळी कळे. ज्या बोलीत ती मास्तरांशी बोलत होती ती तर गणनेत भोजपुरीबरोबर हिंदीच्याच खात्यात जमा होते. त्या गणनेप्रमाणे मातृभाषेखेरीज निदान एक भाषा येणारे लोक देशात सुमारे २६ टक्के होते, आणखी दोन येणारे सुमारे ७ टक्के. हे आकडे वाचले की मला काकू आठवते आणि हे फार कमी आहेत असं वाटतं.

आमच्या घरातल्या त्या पिढीनं भाषा कधी मोजल्याच नाहीत. आबा, आजी, नाना, काका-काकू, आक्काआत्या, सगळी ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा याच पट्ट्यात वाढलेली किंवा सून म्हणून आलेली. हा काशीतला जुना मराठी पट्टा. पैठणहून आलेल्या नारायणभट्टांच्या घराण्यातले गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला गेले ते काशीहून. आम्हा चुलत-आत्येभावंडांना हे आबांनी सांगितलं, आणि शेजारच्या घरातली गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

आबा उपाध्याय. महाराष्ट्रातून येणारे यजमान आमच्याकडे उतरत. त्यांच्या घराण्यांच्या नोंदी वह्यांत असत, आणि वही उघडण्याआधी माणसाच्या बोलण्यावरून आबा तो कुठला हे ओळखत. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याशी ते वऱ्हाडी वळणानं बोलत, साताऱ्याच्या माणसाशी साताऱ्याच्या. नक्कल करतायत असं कोणाला कधी वाटलं नाही, समोरच्याला आपलं वाटावं एवढंच त्यात असे. घाटावर मल्लाह भेटला की "का गुरु, का हाल हौ?" हनुमानघाटावर त्यांचे एक द्रविड शास्त्री मित्र होते. दोघांची शास्त्रचर्चा संस्कृतात चाले, तासतासभर, आणि मधे एखादा प्रयोग चुकला तर आबा तिथल्या तिथे थांबवत. पण उन्हाळ्यात लंगडा आंब्याची टोपली आली की दोघंही बनारसीवर येत. आंबा पिकलाय की नाही हा वाद संस्कृतात घालावा असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि ते मला फार शहाणपणाचं वाटतं. कुठली भाषा कशासाठी हे त्यांना ठाऊक होतं.

आजीची मराठी निराळी. तिच्या माहेरच्या तीन-चार पिढ्या काशीतच गेलेल्या. फडताळ, वैल, कोनाडा हे शब्द तिच्या तोंडी पक्के. पण क्रियापदं आली की हिंदीची वाट धरत. "मी जाऊन राहिले", "तो जेवून राहिला". काकू वाईची. लग्न होऊन आली तेव्हा तिला सासूचं निम्मं कळेना. पुण्याहून पाहुणे आले की ते आजीच्या बोलण्याला हसत. काकूनं मात्र त्यांना एकदा सरळ सांगितलं, की चातुर्मासात अख्खं एकनाथी भागवत वाचणाऱ्या बाईला मराठी येत नाही असं म्हणायचं असेल तर आधी तिच्याइतकं वाचून दाखवा. नाथांनी तो ग्रंथ १५७३ मध्ये काशीतच पुरा केला. मराठीत लिहिला म्हणून इथल्या पंडितांनी हरकत घेतल्याची कथा आजी प्रत्येक वर्षी वाचनाच्या पहिल्या दिवशी सांगायची, अगदी तावातावानं, जणू ती सभेत हजर होती.

काकू बनारसी आधी शिकली, हिंदी नंतर. भांडीवाली, भाजीवाली, दूधवाला यांच्याकडून. "ठीक से तौला, भइया" हे तिचं पहिलं वाक्य असावं असं काका म्हणत. शाळेतली, रेडिओवरची हिंदी तिला बरीच वर्षं अवघड जाई. पुढे ती वाचायला शिकली 'आज' वर्तमानपत्रावरून. ते घरी येई, आणि त्याचा घरात वेगळाच मान होता, कारण त्याचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर. १८८३ मध्ये काशीत मराठी घरात जन्मलेला हा माणूस हिंदी पत्रकारितेचा आधारस्तंभ झाला. त्यांचे मामा सखाराम गणेश देऊस्कर यांनी 'देशेर कथा' बंगालीत लिहिली, पराडकरांनी तिचं हिंदी केलं. मामा-भाचे दोघे मराठी, आणि एकाची लेखणी बंगालीत, दुसऱ्याची हिंदीत. त्यांच्याही आधी बापूदेवशास्त्री. पुण्याचे, काशीच्या संस्कृत कॉलेजात ज्योतिष शिकवणारे. त्यांनी हिंदीत बीजगणित लिहिलं आणि सूर्यसिद्धांताचं इंग्रजी भाषांतर केलं, ते १८६१ मध्ये छापलं गेलं. नाना हिंदू विश्वविद्यालयात शिकायला गेले तेव्हा आबांनी त्यांना या दोघांची उदाहरणं दिली. नानांची इंग्रजी कागदावर अतिशय देखणी होती. बोलायची वेळ आली की ते हिंदीवर येत. अर्ज, तारा, कोर्टाची पत्रं यांसाठी अख्खी गल्ली त्यांच्याकडे येई.

पण मला सर्वांत जास्त सांगायचंय ते ठाकुरमांबद्दल. आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत काशीवासासाठी आलेल्या एक बंगाली विधवा भाड्यानं राहत. आम्ही त्यांना ठाकुरमा म्हणत असू. पहिल्यांदा त्या आणि काकू तुटक्या हिंदीत बोलत, दोघींचीही हिंदी सारखीच कच्ची. मग जिन्यातून रोज "आज की राँधले?" हा प्रश्न येऊ लागला आणि काकू आपल्या आमटीचं वर्णन बंगालीत करू लागली. तिला बंगाली अक्षर वाचता येत नव्हतं. व्याकरण तर नाहीच. ठाकुरमांच्या अखेरच्या आजारपणात त्यांची हिंदी गेली, नावं गेली, आणि उरली ती फक्त पूर्व बंगालातल्या त्यांच्या गावची बोली. डॉक्टर बंगाली होते, कलकत्त्याकडचे. त्यांनाही ती धड कळेना. काकूला कळत होती. कुठे दुखतंय, पाणी हवंय, कोणाला तरी निरोप द्यायचाय, सगळं. डॉक्टर ठाकुरमांना विचारत आणि काकूकडे बघत. तिला बंगाली किती येत होती, याला यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मला माहीत नाही.

गुजराती आक्काआत्याची. चौखंब्याला गोपाळमंदिराच्या अंगाला तिच्या मैत्रिणी होत्या, भरतकाम शिकायला ती तिकडे जाई. दूधविनायकाकडच्या नेपाळी बायका कार्तिकस्नानाला पंचगंगेवर येत, त्यांच्याकडून थोडी नेपाळीही आली. ती आधी आक्काला, मग काकूला.

आम्ही भावंडं शाळेत नीट हिंदी शिकलो, नीट इंग्रजी शिकलो, घरी मराठी बोललो. आता पुणे, इंदूर, बंगळूर असे पांगलो आहोत. आम्हाला या तीन भाषा लिहिता-वाचता येतात, तिन्हींत अर्ज करता येतो. बनारसी आम्हाला कळते, बोलताना मात्र जीभ अडते, कारण शाळेत ती बोललं की टोकलं जाई. याची मला आजही चीड आहे. एक भाषा शिकवायची तर दुसरी तोंडातून काढून घ्यायची ही रीत आमच्या घराला ठाऊक नव्हती, ती बाहेरून आली. आमच्या मुलांपैकी दोघं मराठी बोलतात, पण आजीच्या वळणाची कोणीच नाही.

गेल्या गणपतीत आम्ही ब्रह्माघाटच्या आंग्रेवाड्यातल्या उत्सवाला म्हणून जमलो होतो. रात्री बसून त्या पिढीच्या भाषांची यादी केली. आजीची, नानांची, आक्काची चटकन झाली. आबांच्या तेलुगूपाशी वाद निघाला. आंध्रातले यात्रेकरू आले की आबा "कूर्चोंडी", "नीळ्ळु वदलंडि" म्हणत. बसा, पाणी सोडा. पिंडदानापुरती एवढीच. धाकटा चुलतभाऊ म्हणाला, ही धरायची नाही, पंधरा-वीस शब्दांना भाषा म्हणत नाहीत. मी म्हटलं, धरायची. विधी संपल्यावर ते लोक आबांपाशी बसून गेलेल्या माणसाबद्दल तेलुगूत बोलत राहायचे, कधी रडायचे, आणि आबा मधून मधून "अवुनु, अवुनु" म्हणत ऐकायचे. काकू सांगायची, मामंजींना त्यातलं निम्मं समजत असे. भाऊ काही ऐकेना. शेवटी यादी माझ्या हातात होती, मी तेलुगू लिहिली.