एकोणचाळीस मिनिटांची मुंबई

संगणकाच्या पडद्यावर उजव्या हाताला, खालच्या कोपऱ्यात, जे लहानसे घड्याळ असते, त्याच्यावर टिचकी मारून तारीख आणि वेळ यांच्या सेटिंग्जचे पान उघडावे, टाइम झोन आपोआप ठरविण्याचा अधिकार यंत्राकडून काढून घ्यावा आणि मग ती लांबलचक यादी सावकाश खाली सरकवीत न्यावी, म्हणजे काबूल, ताश्कंद, कराची अशी शहरे मागे टाकीत आपण साडेपाच तासांच्या ओळीपाशी येऊन पोचतो. आणि तेथे चेन्नई, कोलकाता, मुंबई आणि नवी दिल्ली ही चार नगरे, जणू त्यांच्यात कधी मतभेदच झाला नव्हता अशा सलोख्याने, शेजारी शेजारी नांदत असतात. ही ओळ पूर्वीही नजरेखालून गेली होती. परवा मात्र तिसऱ्या नावावर दृष्टी खिळली ती हलेना. कारण चेन्नईच्या आणि कोलकात्याच्या पंक्तीला बसण्याचे मुंबईने जितक्या निग्रहाने नाकारले, तितक्या निग्रहाने या देशातील दुसऱ्या कोणत्याही शहराने नाकारले नसेल.

त्या ओळीच्या लगेच खाली श्रीलंकेची स्वतंत्र ओळ आहे. तिचाही आकडा साडेपाचच; पण १९९६ साली त्या देशाने आपली घड्याळे पुढे नेली होती आणि २००६ साली ती पुन्हा पूर्वस्थळी आणली, त्यामुळे आजची वेळ एक असली तरी कालची एक नव्हती, आणि यंत्राला कालचाही हिशेब ठेवावा लागतो. तिच्याखाली काठमांडू, आपल्याहून पाव तासाने पुढे. नेपाळने ही वेळ १९८६ पासून मुकर्रर केली आहे. ही पंधरा मिनिटे मला नेहमी प्रिय वाटत आली आहेत. स्वतःच्या आकाशाचा मान राखण्यासाठी एखाद्या राष्ट्राने जगाच्या हिशेबात एवढा लहानसा अपूर्णांक जपावा, यात मला हट्टापेक्षा स्वत्वच अधिक दिसते.

मुंबईचा अपूर्णांक याहून मोठा होता. ग्रिनिचच्या पुढे चार तास एकावन्न मिनिटे, ही मुंबईची वेळ; ती कोणा अंमलदाराने ठरविलेली नव्हती, तर पृथ्वीच्या पाठीवर हे बेट जेथे आहे तेथे सूर्य ज्या क्षणी माथ्यावर येतो त्या क्षणाने ठरविलेली होती. रेल्वेगाड्या मद्रासच्या वेधशाळेच्या वेळेने धावत, आणि ती वेळ मुंबईहून अर्ध्या तासाने पुढे असे. ज्यांचे नाव पुण्यातील महाविद्यालयामुळे आपल्या जिभेवर आहे, त्या गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ साली मद्रासवेळ मुंबई शहरालाही लागू करण्याचा घाट घातला. परंतु शहराने ती मनापासून स्वीकारली नाही, आणि दोन वर्षांच्या आत तो हुकूम मागे घ्यावा लागला. पुढे १ जानेवारी १९०६ रोजी, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाला प्रमाण मानून, सगळ्या हिंदुस्थानची एक वेळ जाहीर झाली, आणि मुंबईला एकाएकी एकोणचाळीस मिनिटे पुढे सरकण्याचे फर्मान आले. त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुंबईतील एका कापडगिरणीच्या मजुरांनी माग सोडून गिरणीवर दगड फेकले. ज्याचा दिवस भोंग्याने सुरू होतो, त्याला एकोणचाळीस मिनिटे हा काही ज्योतिर्गणिताचा विषय नसतो. ती त्याच्या झोपेची, त्याच्या बायकोच्या चुलीची आणि पहाटेच्या अंधाराची मिनिटे असतात. सर फिरोजशहा मेहता यांच्यासारखा धुरंधर ज्या नगरपालिकेत होता, तिनेही आपल्या अखत्यारीतील घड्याळे मुंबईच्याच वेळेवर ठेवली, आणि ती तशीच, साम्राज्य जाऊन प्रजासत्ताक आले तरी, १९५५ पर्यंत राहिली. जवळजवळ पन्नास वर्षे या एका शहरात दोन वेळा सुखाने नांदत होत्या: स्टेशनात स्टँडर्ड टाइम, आणि पालिकेत मुंबई टाइम. सभेच्या किंवा मुंजीच्या आमंत्रणात नुसते ‘सायंकाळी सहा’ असे लिहून भागत नसे. कोणत्या टाइमाप्रमाणे सहा, तेही लिहावे लागे.

माझे आजोबा त्याच पालिकेच्या दफ्तरात कारकून होते आणि गिरगावातील एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर राहत. त्यांच्या बाहेरच्या खोलीत लंबकाचे, आठ दिवसांच्या चावीचे, तासाला ठोके देणारे एक घड्याळ होते. पालिकेची वेळ ज्या वर्षी बदलली त्या वर्षी कचेरीतले काटे पुढे गेले. परंतु घरच्या घड्याळाला हात लावण्याची गरज त्यांना वाटली नाही. कचेरीच्या वेळेसाठी त्यांनी खिशात एक वेगळे घड्याळ बाळगले आणि भिंतीवरचे, तब्येत संभाळावी तसे, जुन्या वेळेवर संभाळले. दर शनिवारी संध्याकाळी, दिवा लावून झाला की, ते स्टुलावर चढत, काचेचे दार उघडत, चावीच्या भोकाभोवतीची पितळी कडी धोतराच्या सोग्याने पुसत, आणि दोन्ही भोकांत, एकदा चालीसाठी नि एकदा ठोक्यांसाठी, चावी फिरवीत; शेवटचे दोन वेढे राहिले की हात आपोआप हलका होई, कारण स्प्रिंग ताणून चालत नाही, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. आम्ही नातवंडे मे महिन्यात तिकडे जात असू आणि वजाबाकी जी शिकलो ती त्या खोलीत. आकाशवाणीवर बातम्यांची वेळ सांगितली की त्यातून एकोणचाळीस उणे करायचे म्हणजे घरची वेळ. घरच्या वेळेत एकोणचाळीस मिळवायचे म्हणजे काकाची लोकल.

‘आजोबा, खरी वेळ कुठली?’ असे मी एकदा विचारले होते.

‘तुझ्या आजीला विचार,’ ते म्हणाले. ‘तिला दोन्ही घड्याळं लागत नाहीत.’

आणि ते अक्षरशः खरे होते. दुपारच्या नैवेद्याचे ताट वाढण्यापूर्वी आजी गॅलरीत येऊन कठड्याच्या गजांची सावली पाही. सकाळभर ती सावली फरश्यांवर तिरकी पडलेली असे. जसजसा दिवस वर येई तसतशी ती आखडत, गजांच्या पायांशी गोळा होत जाई. आणि ती पुरती आखडली की आजी आत वळून म्हणे, ‘बारा झाले हो.’ त्याच सुमारास आत भिंतीवर ठोके पडू लागत. दोघांच्या हिशेबात चारदोन मिनिटांचे अंतर पडे, कारण प्रत्यक्ष सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा पुढेमागे चालतो. परंतु एकोणचाळीस मिनिटांचे अंतर पडल्याचे मला आठवत नाही. प्रमाणवेळेने मुंबईचा मध्यान्ह साधारणपणे बारा एकोणचाळीसला होतो. त्यामुळे प्रमाणवेळेचे बारा हे मुंबईपुरते बोलायचे तर सकाळीतच मोडतात, आणि आजी ज्याला बारा म्हणे ते खरोखरीच बारा असत.

आजोबा गेल्यानंतर काकाने ते घड्याळ स्टँडर्ड टाइमावर आणले. ठोक्यांच्या घड्याळाचा काटा पुढे नेताना घाई करता येत नाही. अर्ध्या तासाचा एक नि पुऱ्या तासाचे जितके असतील तितके ठोके पडू देऊन मगच काटा सरकवायचा, नाही तर ठोके आणि काटे यांची फारकत होते. काकाने ते सगळे यथासांग केले. त्यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही, कारण त्याला रोज लोकल गाठायची होती. परंतु चाळीच्या खिडक्यांतून दोन वेळा एकाच वेळी ऐकू येण्याचे जे वैभव होते, ते त्या दिवशी एका घराने कमी झाले.

संगणकाच्या घड्याळाकडे पाहताना हे सगळे मनात येते, आणि मग या यंत्राची रीत किती विचारी आहे याचेही नवल वाटते. त्याच्या पोटात, मदरबोर्डावर, सीआर २०३२ नावाची एक चपटी बॅटरी बसविलेली असते. वीस मिलिमीटर रुंद आणि तीन पूर्णांक दोन मिलिमीटर जाड, एवढेच त्या नावाचे रहस्य. वीज गेली, यंत्र बंद पडले, तरी तिच्या बळावर क्वार्ट्‌झचा एक सूक्ष्म स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावत राहतो; या संख्येची पंधरा वेळा निमपट करीत गेले की नेमका एक उरतो, आणि तो एक म्हणजे एक सेकंद. ती बॅटरी क्षीण झाली की यंत्र चालू करताच एखादे जुनेच साल सांगू लागते आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडेनाशी होतात, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांच्या मुदतीची रुजवात या घड्याळाशीच घातली जाते. एरवी यंत्र वेळोवेळी जाळ्यावरच्या एखाद्या विश्वासू घड्याळाला वेळ विचारते, प्रश्न निघाल्याचा आणि उत्तर पोचल्याचा क्षण टिपते, वाटेत गेलेला काळ साधारण निम्मा जाण्याचा नि निम्मा येण्याचा धरून आपली चूक काढते. डेव्हिड मिल्स या शास्त्रज्ञाने १९८५ च्या सुमारास सिद्ध केलेली ही पद्धती अद्याप चालू आहे.

परंतु मला अधिक भावते ती दुसरी गोष्ट. बहुतेक यंत्रणा आपल्या अंतर्गत व्यवहारासाठी सगळ्या जगाची एकच वेळ धरतात, आणि तुमची निवड विचारतात ती केवळ दाखविण्यापुरती. पोटात एक गणना, आणि ओठावर ज्याच्या त्याच्या गावची वेळ! १९०६ साली सरकारला जे सुचले नाही, ते येथे सहज साधले आहे. त्यासाठी जगातील देशोदेशींच्या घड्याळांच्या फेरफारांची एक बखरच काही मंडळींनी अनेक दशके लिहीत आणली आहे. हिंदुस्थानच्या नोंदीत महायुद्धाच्या काळात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, घड्याळे एक तास पुढे नेली होती हेही आहे, मद्रासवेळ आहे, हावड्याची वेळ आहे. नोंदीला नाव मात्र कोलकात्याचे, कारण ज्या विभागाची वेळ एक, त्याला त्यातल्या सर्वांत मोठ्या वस्तीचे नाव द्यायचा प्रघात पडला. २००८ साली शहराचे नवे लेखन नोंदीत घेतले, तरी जुने नावही यंत्र अद्याप ओळखते. मुंबईची चार तास एकावन्न मिनिटे मात्र कोठेही स्वतंत्र मांडलेली नाहीत. नियमच असा आहे की १ जानेवारी १९७० नंतर ज्यांची घड्याळे वेगळी चालली त्यांनाच वेगळी नोंद मिळावी. मुंबईचा लढा त्याआधी पंधरा वर्षे संपला होता.

हा १९७० चा पहिला क्षण म्हणजे या यंत्रांच्या एका मोठ्या कुळाचा शकारंभ. तेथून सेकंद मोजत यायचे. ज्या फाइलीची तारीख हरवली आहे तिच्यावर कधी कधी तोच क्षण उमटतो, आणि तो ग्रिनिचचा मध्यरात्रीचा असल्यामुळे आपल्या पडद्यावर पहाटे साडेपाच असा दिसतो. अशा तारीख हरवलेल्या कौटुंबिक छायाचित्रांवर ती वेळ पाहिली की मला उगीचच समाधान वाटते. काळाचा आरंभ ब्राह्ममुहूर्ताच्या आसपास व्हावा हे आपल्याकडच्या मनाला पटणारे आहे.

माझे असे मत आहे की सेटिंग्जची ही पाने प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने उघडावीत. यंत्र आपोआप ठरविते ते बहुधा बरोबरच असते. पण घड्याळ कोणाच्या आकाशाप्रमाणे चालावे हा प्रश्न ज्यांना गिरणीवर दगड फेकण्याइतका मोलाचा वाटला, त्यांच्या वारसांनी त्याचे उत्तर न वाचताच मान्य करावे हे मला रुचत नाही. एक वेळ देशाला हवी, हे मलाही मान्य आहे. रेल्वे, बाजार यांचा संसार त्याशिवाय चालत नाही. तरी आसामच्या चहामळ्यांत अजूनही घड्याळे तासभर पुढे ठेवून काम चालते, आणि आपल्याकडे संकष्टीच्या दिवशी दिनदर्शिका चंद्रोदयाच्या वेळा गावागणिक वेगळ्या छापतात. नागपूरचा उपास मुंबईच्या आधी वीसपंचवीस मिनिटे सुटतो आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. वार एक, तिथी एक, घड्याळाचा काटाही एक. पण ताटावर बसायचे ते आपल्या गावचा चंद्र पाहून.

त्याच सेटिंग्जमध्ये, प्रदेशाच्या पानावर, आठवड्याचा पहिला दिवस निवडण्याची एक जागा आहे. रविवार की सोमवार, एवढाच पर्याय तेथे असेल असे वाटते. पण यादी उलगडली तर सातही वार मांडलेले असतात. मी रविवार ठेवतो. आपल्या जुन्या होराशास्त्रात दिवसाच्या चोवीस होरा शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने वाटल्या आहेत. पहिली होरा रवीची धरून मोजत गेले तर पंचविसावी, म्हणजे दुसऱ्या दिवसाची पहिली, चंद्राची येते, आणि तसेच पुढे मंगळाची, बुधाची. ही गणना इतकी सुंदर आहे की तिचा आरंभ कचेरी उघडण्याच्या दिवशी करणे जिवावर येते. पण सातही वार तेथे आहेत ही गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. ज्या गावचा आठवडी बाजार गुरुवारी भरतो, तेथे उधारी गुरुवारी फिटते, मजुरी गुरुवारी मिळते, सोयरीक गुरुवारी बोलली जाते, आणि मुलांना खाऊही गुरुवारीच येतो. त्या गावच्या माणसाने आपल्या संगणकावर आठवडा गुरुवारपासून मांडावा, आणि शेजारच्या गावाने, ज्याचा बाजार शनिवारी असेल, तो शनिवारपासून.