एकाच गावचं पाणी

मुरलेल्या माणसाला आपण 'बारा गावचं पाणी प्यालेला' म्हणतो. कालवाचं नेमकं उलट. जन्मल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात भटकतं, मग खडकाला नाहीतर दुसऱ्या शिंपल्याला चिकटतं ते कायमचं. पुढे आयुष्यभर दारात येईल ते पाणी गाळायचं, त्यातलं शेवाळ खायचं.

*

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची कालवांची यादी : ब्लू पॉइंट, वेलफ्लीट, रॅपहॅनक, शिवाय कॅनडातून आलेलं माल्पेक. नावं चार, जात एकच, क्रासोस्ट्रिया व्हर्जिनिका. केप कॉडच्या वेलफ्लीटला समुद्र शेजारी, म्हणून चव खणखणीत खारी. रॅपहॅनक ही नदी, म्हणून तिथलं सौम्य, गोडसर. आपणही हापूस नुसता मागत नाही. देवगडचा की रत्नागिरीचा, ते विचारतो.

*

खारं पाणी नुसता खारेपणाच देतं असं नाही. बाहेर मीठ जास्त असलं की पेशींतलं पाणी ओढलं जाऊ नये म्हणून कालव आत अमिनो आम्लं साठवतं. त्यातलं ग्लायसीन गोड. ग्लुटामेट म्हणजे तर अजिनोमोटोतली चव. म्हणजे चांगल्या कालवाचा चवदारपणा हा त्याने स्वतःच्या बचावासाठी केलेला बंदोबस्त.

*

'आर' असलेल्या महिन्यांतच कालवं खावीत, हा युरोपातला जुना नियम. मराठीतही तो तंतोतंत बसतो : मार्चमध्ये रफार, एप्रिलमध्ये रकार, आणि मे ते ऑगस्ट 'र'चा पत्ता नाही. तिकडे उन्हाळ्यात कालवं अंडी सोडतात आणि पातळ, पाणचट होतात. शिवाय उष्म्याने लवकर नासतात. थंडीच्या तोंडावर ग्लायकोजेन साठलं की मांस पांढरं, भरलेलं, गोडसर.

*

फ्रान्समधलं मारेन-ओलेरों. तिथल्या जुन्या मिठागरांत आता समुद्रात वाढलेली कालवं शेवटी आणून सोडतात. काही आठवड्यांत कल्ले हिरवे होतात. रंग हास्लिया ऑस्ट्रिआरिया नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा. सगळ्यात मानाच्या प्रकारात चौरस मीटरमागे फक्त २ ते ५ कालवं, तीही निदान चार महिने. आयुष्य समुद्रात काढलेल्या कालवाला शेवटी दुसऱ्या गावचं पाणी पाजायचं, त्याचेच पैसे.

*

१८६८. पोर्तुगालहून कालवं घेऊन निघालेलं 'मोर्लेझियँ' जहाज वादळामुळे फ्रान्समधल्या जिरोंद खाडीच्या मुखात अडकलं. माल नासला समजून पाण्यात ओतला. त्यातली जगलेली कालवं फ्रेंच किनाऱ्यावर पसरली आणि शंभर वर्षं तिथल्या ताटात राहिली. १९७०च्या सुमारास साथीने ती गेली. त्यांच्या जागी जपानी आणली. पुढे जनुकं तपासली तेव्हा कळलं, ती 'पोर्तुगीज' कालवंही मुळात आशियातलीच. फिरतात ती माणसं आणि जहाजं. बारा गावचं पाणी त्यांचं.

*

कोकणात ओहोटी लागली की बायका खडकावर उकिडव्या बसतात. लोखंडी टोकाने वरचं कवच फोडायचं, गर सोडवायचा, आतल्या पाण्यासकट भांड्यात टाकायचा. आपल्याकडे कालवं कच्ची खायची पद्धत नाही. खोबऱ्याचं वाटण, तिखट, आमसूल सगळं पडतं. पण मिठाच्या वेळी मात्र हात आखडता. आधी रस चाखायचा, मग ठरवायचं. बाकीचं मीठ खाडीने आधीच घातलेलं असतं.