दिसत नाही म्हणजे गेली नाही

अपडेटनंतर मशीन उघडलं नाही की निदान ठरलेलं असतं: ‘डिस्क गेली.’ आमच्या संगणक दुरुस्तीच्या धंद्यात हे दोन शब्द फार स्वस्त झालेत. मोतीबिंदूनंतर बोर्डावरचं बारीक काम मी हाताखाली शिकणाऱ्या मुलीकडे सोपवलं. तिला शिकवताना लक्षात आलं, की मी आजवर एकाच प्रश्नाशी झटत आलोय. डिस्क मेलीय, की नुसती दिसत नाहीये?

फिरत्या डिस्क हाताला तरी कळायच्या. २००९ च्या सुरुवातीला सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेचं प्रकरण झालं. मोटर सुरळीत फिरायची, खडखड नाही, पण बायोसमध्ये नावच नाही. डेटा जागच्या जागी, आतलं फर्मवेअर मात्र अडकून ‘बिझी’ होऊन बसलेलं. त्यावरच्या अपडेटच्या पहिल्या आवृत्तीने ५०० जीबीच्या काही चांगल्या डिस्कही बंद पाडल्या. अडकलेली डिस्क सोडवायला सिरियल केबल जोडायची, बोर्डाच्या संपर्कांखाली कागदाचा कपटा सरकवायचा, ३८४०० बॉडवर आज्ञा द्यायच्या आणि कपटा नेमक्या क्षणी ओढायचा. तेव्हा माझा हात स्थिर होता, आणि त्याचा मला गर्व होता.

एसएसडी ना फिरते, ना बोलते. बायोस अपडेट झाला की पुष्कळ मशीनची सेटिंग्ज मूळपदावर जातात. डिस्क हाताळण्याचा मोडही बदलतो: एएचसीआय होतं तिथे रेड येतं, किंवा उलट. विंडोजला आपली डिस्क सापडत नाही आणि निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ उमटतं. मग इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह लागतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या मशीनवर व्हीएमडी हा स्टोरेजचा मोड चालू असेल, तर ड्रायव्हर दिल्याशिवाय तिथल्या यादीतही डिस्क बऱ्याचदा दिसत नाही. झालं, नवी टाका! आणि दिसली, तर ‘फॉरमॅट मारून देतो’. कुणाची दहा वर्षांची हिशेबाची फाइल तासाभरात पुसणाऱ्याला मी कारागीर मानत नाही, मग त्याचं दुकान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कितीही मोठं असो.

खरी अडचण पुढेच आहे. अपडेटच्या आधी कोणता मोड होता, हे कुणालाच आठवत नाही. दोन डिस्कचं रेड असेल आणि मोड बदलला, तर त्या सुट्या दिसू लागतात आणि विंडोज ‘इनिशिअलाइज’ करू का म्हणून विचारतं. तिथे ‘हो’ म्हणालात की शाबूत माल धोक्यात. म्हणून आधी फक्त बघायचं: बायोसमध्ये मॉडेलचं नाव येतंय का, आकार बरोबर आहे का? मग जुना मोड लावून पाहायचा. लिहायचं काहीच नाही.

अनेकदा हे एका सेटिंगचं काम असायचं. गिऱ्हाईक डोळे विस्फारून बघायचं, आणि ती वाहवा मला इतकी प्रिय होती की काय केलं ते मी सांगत नसे. आता ही मुलगी प्रत्येकाला पडदा फिरवून दाखवते. पहिल्यांदा मला ते खुपलं. आज तिचीच रीत मला योग्य वाटते.

डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या बिटलॉकरपुढे मात्र माझी विद्या संपते. अपडेटनंतर त्याने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली आणि ती कुठेच सापडली नाही, तर डेटा परत मिळत नाही. तसं वचन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अपडेटच्या आधी बिटलॉकर तात्पुरता थांबवा, रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि बायोसच्या स्टोरेज पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.