त्या सकाळी मी जे बोललो

६ डिसेंबर हा दिवस आमच्या शाळेत दरवर्षी ठरलेल्या पद्धतीने पाळला जातो. प्रार्थनेनंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या तसबिरीस हार घालावयाचा, मुख्याध्यापकाने चार शब्द बोलावयाचे आणि मुलांनी आपापल्या वर्गांत जावयाचे. २०१९ सालच्या ६ डिसेंबरलाही मी हार घातला. बोललो मात्र निराळेच. “आज पहाटे न्याय झाला आहे,” असे मी मुलांस सांगितले. मुलींनी टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्या मी अद्याप विसरू शकलेलो नाही.

हैदराबादकर वाचकांस तो प्रसंग नव्याने सांगावयास नको. २७ नोव्हेंबरच्या रात्री शमशाबादनजीकच्या टोलनाक्यापाशी एका तरुण पशुवैद्य मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला आणि शादनगरजवळ चटणपल्ली येथील पुलाखाली तिचा देह जाळण्यात आला. घरची माणसे रात्रीच पोलिसांकडे गेली असता हद्दीच्या वादात वेळ दवडला गेला, अशी तक्रार होती. त्यावरून तिघा पोलिसांना निलंबितही करण्यात आले. पुढे चौघे संशयित पकडले गेले. ६ डिसेंबरच्या पहाटे पोलीस त्यांना त्याच जागी घेऊन गेले. त्यांनी शस्त्रे हिसकावून हल्ला केला, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळीबार करावा लागला, असे पोलिसांनी सांगितले. चौघेही ठार झाले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली.

माझी कन्या रुग्णालयात नोकरीस आहे. रात्रपाळी करून ती घरी येईपर्यंत त्या आठवड्यात सौभाग्यवती फाटकातच उभ्या असत. त्यामुळे ती बातमी ऐकून मला हायसे वाटले, हे मी लपवीत नाही.

शिक्षकांच्या खोलीत मात्र आमच्या गणिताच्या मास्तरांनी शांतपणे विचारले, “सर, तेच गुन्हेगार होते, हे कोणी ठरविले?” मी चिडून म्हणालो, “दिल्लीच्या त्या मुलीला जाऊन सात वर्षे होतील. तिचे मारेकरी अजून जिवंतच आहेत ना?” त्यावर ते एवढेच म्हणाले, “उशीर होतो म्हणून खटला लवकर चालवावा, हे मी समजू शकतो. खटलाच चालवू नये, हे मला समजत नाही.” तो मला शब्दच्छल वाटला. दिल्लीच्या गुन्हेगारांना पुढे २० मार्च २०२० रोजी फाशी झाली. विलंबाने का होईना, पण न्यायालयातून झाली.

चटणपल्लीच्या चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती वि. श्री. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली तिघांचा आयोग नेमला. त्याचा अहवाल मे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रे हिसकावल्याची हकीकत आयोगास विश्वसनीय वाटली नाही. जीव घेण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, असा निष्कर्ष काढून त्याने १० पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, असे सुचविले. परंतु माझे मन थबकले ते दुसऱ्याच एका निष्कर्षापाशी. चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी १८ वर्षांखालील होते, असे आयोगाने म्हटले होते.

कायद्याने वय ठरविताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला हा अग्रक्रमाचा पुरावा मानला जातो. तो दाखला देणे हे माझे नित्याचे काम. अडाणी बाप मुलाला बोटाशी धरून येतो, तारीख विचारली की गोंधळतो, आणि आम्ही ती पुन:पुन्हा विचारून नोंदवहीत लिहितो. तिला इतके मोल असते, हे मी जाणत होतो; तरी त्या चौघांची वये किती, हा प्रश्न मला त्या सकाळी पडला नाही. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो, पण त्याला फाशी देता येत नाही. म्हणजे जी शिक्षा न्यायाधीशालाही देता आली नसती, ती त्या पहाटे दिली गेली. आणि तिला मी न्याय म्हटले!

पोलिसाला स्वसंरक्षणाचा अधिकार नाही, असे कोणी म्हणणार नाही. तो जसा तुम्हा-आम्हांला आहे, तसाच त्यालाही आहे. आणि आपल्याप्रमाणेच त्यानेही तो तपासून घेतला पाहिजे. मेलेला माणूस मरण्याच्याच लायकीचा होता की काय, हा प्रश्न तेथे गैरलागू आहे. त्या क्षणी प्राणावर बेतले होते काय आणि दुसरा मार्ग उरला नव्हता काय, एवढेच पाहावयाचे असते. अशा मृत्यूंची स्वतंत्र चौकशी कशी व्हावी, याचे १६ नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली महाराष्ट्रातील चकमकींच्या प्रकरणात घालून दिले. शौर्याची खात्री पटेपर्यंत बक्षीस वा बढती देऊ नये, असेही त्यांत आहे. हाच न्याय त्या १० पोलिसांनाही लागू आहे. आयोगाचा निष्कर्ष म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणा उच्च न्यायालयाकडे सोपविले.

“अहो, हे सारे खरे,” सौभाग्यवती म्हणाल्या, “पण त्या मुलीच्या आईला तुम्ही काय सांगाल?” तिचे सांत्वन होईल असे उत्तर मजपाशी नाही. मात्र तिच्या मुलीचे काय झाले, हे उघड न्यायालयात, साक्षीपुराव्यांनिशी, कधीच सिद्ध व्हावयाचे नाही. चौघांत एखादा निरपराध होता काय, याचे उत्तर त्यांच्याबरोबरच गेले. आणि त्या पहिल्या रात्री हद्दीच्या वादात गेलेला वेळ? फुलांच्या वर्षावात त्याचा आम्हां सर्वांना विसर पडला. आमच्या मुलींना खरे भय असेल, तर ते त्या वेळेचे आहे.

२०२२ च्या ६ डिसेंबरला हार घातल्यावर मी मुलांस सांगितले, की तीन वर्षांपूर्वी याच जागी मी एक वाक्य चुकीचे बोललो होतो. कायद्याने ठरविलेल्या रीतीवाचून कोणाचाही प्राण हिरावता येत नाही, असे ज्या घटनेच्या एकविसाव्या कलमात लिहिले आहे, तिच्या शिल्पकाराच्या तसबिरीसमोर बोललो होतो. मुले गप्प राहिली. त्या दिवशी टाळ्या वाजविणाऱ्या मुलींपैकी बहुतेक जणी तोवर शाळा सोडून गेल्या होत्या. त्यांतील काहींच्या घरी हे मासिक जाते. त्यांच्यापर्यंत ही दुरुस्ती पोचावी, एवढ्यासाठीच हे लिहिले.